सहा कोसांचे वतन

महिनोन्महिने तजवीज करून केलेल्या प्रवासाला त्याचे म्हणून एक वैभव असते, हे मी नाकारीत नाही. आरक्षणे, याद्या, उतरण्याच्या जागा, पाहावयाच्या स्थळांचा क्रम, या सर्वांचा चोख बंदोबस्त झाल्यावर घराबाहेर पडण्यात जी निश्चिंती असते, तीही सुखाचीच. परंतु ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला आणखी एका सुखाचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. ते सुख असे की, सकाळचा चहा घेता घेता कोणाच्या तरी तोंडून "आज कुठंतरी जाऊ या" एवढे शब्द निघावेत, कोणी हरकत घेऊ नये आणि तासाभरात दाराला कुलूप लागावे. असा दिवस मागून मिळत नाही, पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवता येत नाही. आणि मूल लहान आहे तोवरच त्याची मुदत असते.

आमचे केडगाव नगर शहराच्या अगदी वेशीला, पुणे रस्त्यावर वसलेले. पूर्वीचे हे स्वतंत्र गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यादेवींचे नाव लाभले आहे. रात्रंदिवस वाहणारा हा रस्ता पुण्याकडे जातो म्हणून की काय, येथल्या माणसांची मनेही सुट्टी आली की त्याच दिशेला धावू लागतात. पुणे, महाबळेश्वर, जवळचे म्हणाल तर शिर्डी किंवा शिंगणापूर, येथवर आमच्या कल्पनेची मजल. परिणाम असा होतो की केडगावात जन्मलेले मूल पुण्याच्या मोठमोठ्या दुकानांतले सरकते जिने ओळखू लागते, आणि नगरच्या पूर्वेला मैलोगणती अंतरावरून दिसणारा शहा डोंगर मात्र त्याला परकाच राहतो.

श्रावणातला एक रविवार होता. नगरचा श्रावण कोकणासारखा धो धो कोसळत नाही. सह्याद्री ओलांडून येणारे ढग आपला बहुतेक भार पश्चिमेकडच्या कड्यांवर उतरवून येतात आणि आमच्या वाट्याला येते ती हलकी, विचार करून पडल्यासारखी सर. त्या दिवशी तीही आलेली नव्हती. पाचव्या वर्षात असलेली आमची कन्या खिडकीच्या गजांना धरून बराच वेळ उभी होती, मग वळून, मोठ्या माणसाने एखाद्या तंट्याचा निवाडा करावा अशा गांभीर्याने ती म्हणाली, "पाऊस आज आपल्याकडं नाही आला. मग आपण जायचं का त्याच्याकडं?" या प्रश्नाला नकार देण्यासारखे कोणतेही कारण घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना सुचले नाही. माझ्या पत्नीने घरात होते तेच बांधून घेतले: बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, चार कांदे आणि दह्याचा डबा. आईने एकच अट घातली, "आधी देवीला जाऊन यायचं, मग कुठं हिंडायचं ते हिंडा." गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्याला दिवसाची बोली केली, आणि "चला की ताई, आपल्याला काय, आज रविवारच आहे," असे म्हणून तोही आमच्यातलाच एक झाला.

केडगावची देवी ही रेणुकामाता. नवरात्रात पहाटेच्या अंधारात नगरहून अनवाणी पायांनी तिच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना श्रावणातल्या साध्या सकाळचा तो रिकामा गाभारा पाहून क्षणभर आपण दुसरीकडेच आलो की काय असे वाटावे. आईने ओटी भरली, मुलीने घंटेपर्यंत हात पोहोचावा म्हणून मला उचलून घ्यायला लावले, आणि तेथून आमची रिक्षा अरणगावच्या रस्त्याला लागली. कोठे जायचे हे ठरलेले नव्हते. दुतर्फा बाजरी निसवू लागलेली दिसली म्हणून ती वाट धरली, एवढेच.

अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. ती उठल्यावर राहिलेल्या ओसाड जागेत १९२३ मध्ये मेहेरबाबा आपल्या मंडळींसह येऊन राहिले, आणि आज जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथील टेकडीवरच्या त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यायला येतात. खालचे मेहेराबाद आणि टेकडीवरचे मेहेराबाद यांच्या मधून दौंड-मनमाड लोहमार्ग जातो. १८७८ साली सुरू झालेला हा मार्ग आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून दक्षिणोत्तर गेलेला आहे. आम्ही पोहोचलो त्याच वेळी एक मालगाडी आली. मुलीने डबे मोजायला प्रारंभ केला. तिला एकोणीसपर्यंतचे अंक येतात. एकोणीस झाले की ती पुन्हा एकवर येई, आणि तरीही गाडी संपत नसे. शेवटचा डबा गेल्यावर रुळांवर पसरलेल्या शांततेत तिने निकाल दिला, "खूप वेळा एकोणीस." इतक्या नेमक्या शब्दांत कोणा स्टेशनमास्तरने आपल्या दप्तरात मालगाडीची नोंद केली असेल, असे मला वाटत नाही.

समाधीपाशी गेल्यावर तेथली माणसे आपोआप हलक्या आवाजात बोलत होती, म्हणून तीही कुजबुजू लागली. बाहेर आल्यावर मी तिला सांगितले की येथे राहणाऱ्या बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. साडेत्रेचाळीस वर्षांचा हा काळ मोठ्या माणसाच्या मनालाही सहज पेलत नाही. तिने त्यातून आपल्याला पेलेल तेवढाच प्रश्न उचलला. "मग त्यांना तहान लागली तर?" मी सांगितले की त्यांच्यापाशी अक्षरांची एक पाटी असे, तिच्यावरच्या एकेका अक्षराला बोट लावून ते आपले म्हणणे सांगत, पुढे १९५४ मध्ये त्यांनी ती पाटीही सोडली आणि हातांच्या खुणांनीच ते बोलू लागले. ती काही बोलली नाही. परंतु रिक्षात बसल्यावर पाहतो तो, तिने आजीचा तळवा आपल्या मांडीवर उलगडून धरला होता आणि त्यावर तर्जनीने ती हळूहळू एक रेघ ओढीत होती, मग ओंजळ तोंडाशी नेत होती, मग पुन्हा रेघ. आजीने मुकाट्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. दोघींपैकी कोणी हसले नाही. तो व्यवहार दोघींनी पूर्ण गंभीरपणे पार पाडला होता. साधनेचे मर्म मला कळले आहे असा माझा दावा नाही. पण मौनाची पहिली ओळख एखाद्या बालकाला याहून सुंदर रीतीने व्हावी अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

हे सारे पाहताना मला ताराबाई मोडक यांचे स्मरण झाले. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या, तेव्हा परदेशी बनावटीची महागडी शैक्षणिक साधने आमच्या खेड्यांना परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच बालशिक्षणाच्या साधनांचा दर्जा दिला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. मुलाची बुद्धी प्रथम जागी होते ती त्याच्या हाताला लागेल अशा वस्तूंनी, हा त्यांच्या साऱ्या कार्यामागचा सिद्धांत होता; आणि जे पाना-खड्यांविषयी खरे आहे ते गावाविषयी, डोंगराविषयी, रुळांविषयीही खरे असलेच पाहिजे.

नगर ओलांडून, पाथर्डी रस्त्याने आम्ही शहा डोंगराकडे निघालो तेव्हा दुपार कलू लागली होती. डोंगरमाथ्यावरच्या वास्तूला सारे लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याशी झुंज दिली ती खाली दिसणाऱ्या भुईकोट किल्ल्यातून. परंतु लोकांच्या मनाने तिला या उंच, वाऱ्याच्या जागेवर आणून बसविले आहे, आणि त्यात तिचा गौरवच आहे. शेवटची चढण आम्ही पायी चढलो. चढणीला लागताच दिवसाची मुखत्यारी पूर्णपणे मुलीच्या हाती गेली. दर दहा पावलांवर काहीतरी पाहण्याजोगे निघे: गोगलगाय, पिवळ्या फुलांचा गवती ताटवा, मुंग्यांची लांबच लांब ओळ. वर पोहोचण्याची घाई आम्हाला होती. ती मात्र जेथे होती तेथे पोहोचलेलीच होती.

वाटेत तिने एक दगड उचलला. मुठीएवढा, बाहेरून काळा आणि खडबडीत. पण एका बाजूने फुटलेला, आणि त्या फुटीच्या पोकळीत साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे स्फटिक दाटीने बसलेले. ऊन पडले की ते चमकत, ढग आला की विझत. ती तो दगड वरचेवर फिरवून आतला उजेड लावीत आणि मालवीत होती. दख्खनचा हा सारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने युगानुयुगे हे स्फटिक घडविले. मी तिला एवढेच सांगितले की हा दगड एके काळी पातळ होता. "दह्यासारखा?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघाली.

महाल अष्टकोनी आणि तीन मजली; भोवती कमानींची रुंद ओवरी. तिने ओवरीला धावत प्रदक्षिणा घातल्या, घुमटाखाली उभी राहून स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले आणि ते घुमून परत आल्यावर लाजून आईच्या पदरात शिरली. ओवरीत बसून आम्ही भाकरी खात होतो तेव्हा पश्चिमेकडून सर आली. आधी शहर पुसट झाले, मग डोंगराचा उतार, आणि मग कमानीतून तुषार आमच्या ताटांपर्यंत आले. मुलीने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितले, "सापडला." चार-पाच मिनिटांत सर ओसरली आणि खालचा मुलूख धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ दिसू लागला.

खाली नगर शहर, त्याच्या कडेला झाडीने वेढलेला किल्ल्याचा वर्तुळाकार घेर. तेथे १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत पंडित नेहरू बंदिवासात होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी १९४४ मध्ये तेथेच लिहिला. हे सांगताच तिने विचारले, "त्यांची मुलगी कुठं होती?" दूर होती, एवढेच मी म्हणालो. मनात मात्र आले की याच पित्याने १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या मुलीला पत्रे लिहून, नदीकाठचा गोटासुद्धा आपला इतिहास सांगतो, तो वाचायला शीक, असे शिकविले होते. जे मुलांपासून दूर होते त्यांनी पत्रांतून जे साधले, ते करण्याची संधी आपल्याला प्रत्येक रविवारी असते, आणि आपण ती रविवारीच गमावतो.

मग तिने तो प्रश्न विचारला जो उंचावर गेल्यावर प्रत्येक मूल विचारते: "आपलं घर कुठंय?" शहराच्या पलीकडे, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला मी बोट दाखविले. घर दिसणे शक्य नव्हते; तरी तिने डोळे बारीक करून पाहिले, आणि मग स्वतःचे बोट फिरवून सांगू लागली, "तिथं देवी. तिथं आगगाडी. तिथं आपण." सकाळपर्यंत ज्या मुलुखाशी तिचा काही संबंध नव्हता, त्याची रुजवात तिने आपल्या बोटाने करून घेतली होती.

पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा पडला, म्हणजे गावचा जाणता मनुष्य शीव चालून दाखवी. त्याचे पाऊल पडेल ती हद्द प्रमाण मानली जाई. वतनाचे कागद हुजूरदप्तरात असत, परंतु वतन खऱ्या अर्थाने कळे ते पायांना. मुलांच्या बाबतीत ते कार्य घरच्या माणसांचे आहे. घराभोवतीची चार-सहा कोसांची भूमी हे प्रत्येक बालकाचे वतन आहे. ती देवी, तो लोहमार्ग, ती समाधी, तो डोंगर, हे सारे त्याचेच आहे, आणि त्याला कोणतीही सनद लागत नाही. लागतो तो बरोबर चालणारा आणि त्याच्या गतीने थांबणारा एक मोठा मनुष्य. ज्याला हे वतन बालपणी मिळाले, तो पुढे जगाच्या पाठीवर कोठेही गेला तरी निराधार होत नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

तेव्हा दीर्घ सुट्टीची वाट पाहू नका, पैशांचा हिशेब लांबवू नका. येत्या रविवारी मूल खिडकीशी उभे राहून काही विचारील. त्याला "बघू" असे उत्तर न देता, घरात जे असेल ते बांधून घ्या आणि निघा.