घराच्या कागदांतली माणसं

खरेदीखत नोंदवून झालं, अंगठे उमटले, फोटो निघाले आणि ‘सूची क्रमांक २’ हातात पडली की घर आपलं झालं, असं बहुतेकांना वाटतं. माझी वकिली या समजुतीच्या अलीकडे सुरू होते. दुय्यम निबंधक पाहतात ते एवढंच, की मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, समोर उभी असलेली माणसं तीच आहेत का आणि सही आपणच केल्याचं ती कबूल करतात का. लिहून देणारा त्या घराचा खरा मालक आहे का, याचा निवाडा ते करत नाहीत. १९०८च्या नोंदणी कायद्यानं दस्ताची नोंद होते, मालकीवर शिक्कामोर्तब होत नाही. मालकीची हमी आपल्याकडे सरकार देत नाही. ती तपासून घेणं घेणाऱ्याच्या अंगावर असतं. लिहून देणाऱ्याकडे अर्धा हक्क असेल, तर पूर्ण पैसे मोजूनही घेणाऱ्याला अर्धाच मिळतो.

म्हणून आम्ही ‘सर्च’ घेतो, म्हणजे साधारण तीस वर्षांच्या नोंदी चाळतो. लोकांना वाटतं, आम्ही कागद शोधतो. मी माणसं शोधते. या घरात ज्याचा ज्याचा हक्क कधीतरी निर्माण झाला, तो प्रत्येक जण कुठल्या कागदानं बाहेर पडला? एकाचाही बाहेर पडल्याचा कागद नसेल, तर तो अजून घरातच आहे, मग राहायला तो कुठेही असो.

ही माणसं सर्वांत जास्त दडलेली असतात ती जुन्या सहकारी सोसायट्यांमध्ये. पुण्यातलं कोथरूड किंवा सहकारनगर घ्या, मुंबईतलं दादर किंवा मुलुंड घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात घर घेतलेले मूळ सभासद आता एकेक करून जात आहेत आणि फ्लॅट विकायला येतात त्यांची मुलं. चित्र ठरलेलं असतं. वडिलांनी थोरल्या मुलाचं नामनिर्देशन केलेलं, मृत्युपत्र नाही. वडील गेले, सोसायटीनं भागदाखल्यावर मुलाचं नाव चढवलं. मुलगा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘फ्लॅट माझ्या नावावर आहे.’ घेणाराही दाखला पाहून निश्चिंत होतो.

पण नामनिर्देशनानं वारसा बदलत नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्येच सांगितलं होतं, की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, ते असतात वारसांचे. सोसायटीतल्या घराबद्दल २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं, की सोसायटीनं घर नामनिर्देशिताच्या नावे केलं तरी वारसांना आपला हक्क मागायची वाट मोकळी राहते. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही हे स्पष्ट झालं. आता नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद होते, खरे वारस पुढे येईपर्यंत.

मग वारस कोण? हिंदू पुरुष स्वकष्टाचं घर ठेवून मृत्युपत्राविना गेला, तर पत्नी, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि त्याची आई हयात असेल तर आई, या सर्वांना सारखा वाटा. आजीला हमखास विसरतात. तिचा वाटा पुढे तिच्या वारसांना, म्हणजे काका-आत्यांनाही जातो, आणि मग ज्यांचा या घराशी कधी संबंध आला नाही त्यांच्याही सह्या लागतात. ‘ताईचं लग्न २००५च्या आधी झालंय, तिचा काय संबंध?’ हेही मी वारंवार ऐकते. वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दलची आहे. वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीला १९५६पासून मुलाइतकाच वाटा आहे, लग्न कधीही झालेलं असो. बहिणीला भावासाठी हक्क सोडायचा असेल तर तिनं जरूर सोडावा, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं, आणि ते आधी कुणीतरी तिला नीट वाचून दाखवलेलं असावं. व्यवहाराच्या आदल्या संध्याकाळी ‘फक्त एक सही हवी होती’ म्हणून तिच्याकडे कागद न्यायचा, ही रीत मला अजिबात मान्य नाही. बेकायदा नसली तरीही.

बहीण न्यू जर्सीला असेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर रीतसर करून इथे यावं लागतं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सहीच्या फोटोला किंमत नाही. मुखत्यारपत्रावरच घर ‘विकत’ घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितलेलं आहे.

वारसांत अज्ञान मूल असेल, तर सर्वांत जास्त जपावं लागतं. नवऱ्यामागे लहान मुलं वाढवणारी आई पैशांच्या निकडीपायी घर विकायला काढते, तेव्हा मुलांचा वाटा तिला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तसा विकला, तर सज्ञान झाल्यावर मूल तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. परवानगीला वेळ लागतो, घेणारा कंटाळतो, एजंट दुसरा फ्लॅट दाखवतो. तरी थांबावं. त्या परवानगीत मुलांचं रक्षण आहे आणि घेणाऱ्याचंही.

काही माणसं कागदांत संस्थेच्या रूपात असतात. बँक त्यातली पहिली. विकणाऱ्यावर कर्ज असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ दस्तांची यादी मागावी, आणि घेणाऱ्यानं तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बँकेकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३चा आदेश आहे. तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरा बिल्डर, किंवा त्याच्याही मागचा जमीनमालक. इमारत उभी राहून चाळीस वर्षं झाली तरी खालची जमीन सोसायटीच्या नावावर नाही, अशा सोसायट्या मी सतत पाहते. मिळकत पत्रिकेवर अजून कुणा जुन्या कुटुंबाची नावं असतात. १९६३च्या मोफा कायद्यानं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, बिल्डरवर बंधनकारक केलं. ते होईना, म्हणून २००८च्या दुरुस्तीनं सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊन मानीव अभिहस्तांतरण मिळवायची वाट दिली. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की हा प्रश्न अचानक लाखमोलाचा होतो. फ्लॅट घेणाऱ्यानं तो आधीच विचारावा, भोगवटा पत्राबरोबर. नवीन इमारतीत घर घेत असाल तर रेरा कायद्याचं एक कलम पाठ करावं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

हे सारं तपासायला वेळ मिळतो तो विसार पावती आणि खरेदीखताच्या मधल्या काळात. पण विसार पावती म्हणजे बहुतेकदा एजंटच्या टेबलावरचा चार ओळींचा कागद. तिच्यात दोन वाक्यं असायलाच हवीत: एक, हक्क निर्वेध न आढळल्यास विसाराची रक्कम अमुक दिवसांत परत, दुसरं, उरलेली रक्कम कोणत्या कागदासोबत किती द्यायची. हे लिहिलं, की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला, हरकतींची वाट पाहायला उसंत मिळते. विकणाऱ्यानंही पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नये. पाहुणे म्हणून आधी राहायला येणारे घेणारे मला चिंतेत टाकतात.

खर्चाचं गणित सोपं आहे. मुद्रांक शुल्क अधिभारांसह मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतलं तर १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का कर कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर दर बराच जास्त असतो, तिथे सनदी लेखापालाला आधी विचारावं.

दिवाळीला भावंडं एकत्र जमतात, परदेशातलीही येतात. घराचा विषय काढायला तीच वेळ चांगली. आई-वडील हयात असताना घराबद्दल बोलणं अशुभ मानणारी कुटुंबं मला भेटतात, आणि पुढे त्यातलीच काही न्यायालयात समोरासमोर बसलेली दिसतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांनी सही करावी, शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही अशांनी. वय जास्त असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा. आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे, हे मुलांपैकी एकाला नाही, सगळ्यांना सांगावं.