थोपवलेली काठी

उजव्या मनगटाने असहकार पुकारल्यापासून माझं काठी गरगर फिरवणं बंद झालंय. बाई थकल्या, असं पोरी कुजबुजतात. कुजबुजोत. हाती उरलंय ते दक्षिण इजिप्तच्या सईदी नाचातलं सगळ्यात चिवट काम, काठी थोपवणं.

ढोलाचा ताल असा: दुम-तक, दुम-दुम, तक. मधल्या दोन दुमांपैकी पहिला दुसरी मात्रा निम्मी सरल्यावर पडतो, दुसरा थेट तिसरीवर. पहिल्याला काठी खाली निघते, दुसऱ्याला ती हवेतच थांबली पाहिजे. मूठ आवळली की टोक थरथरतं आणि शेवटच्या रांगेलाही दिसतं. खांदा सैल सोडून भार टाचेत उतरवावा लागतो. हे मला तोंडपाठ आहे. अंगात मात्र रोज नव्याने आणावं लागतं.

नाचाचं सगळं इंगित या थांबण्यात आहे. तिकडे, किना-लक्सर-सोहागकडे, लग्नात आणि उरसात पुरुष ढोल आणि सनईसारख्या मिझमारवर तहतीब हा काठीचा खेळ खेळतात. पायघोळ गलाबिया, रुंद बाह्या, हातात लांब काठ्या. फटका मारायचा नाही, डोक्यापर्यंत नेऊन दाखवायचा. मारता येत असूनही न मारणाऱ्याची तिथे वट. २०१६ मध्ये युनेस्कोने तहतीबला वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून प्रत्येक निवेदक अबुसीरच्या सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या कोरीव लढवय्यांपासून सुरुवात करतो. असेल परंपरा, पण दगडातल्या माणसाचा भार कुठल्या दुमावर उतरला, ते मला कोण सांगणार?

आम्हा बायकांची काठी बारीक, मुठीशी वळलेली. पुरुषांच्या ऐटीची ती लाडिक टिंगल आहे. टिंगल करायची तर मूळ ऐट ठाऊक हवी ना! हल्ली टिकल्या चिकटवलेल्या, दिवे लावलेल्या काठ्या पंख्यासारख्या फिरतात आणि स्पर्धेत बक्षिसं नेतात. याचं खापर महमूद रेदांवर फोडतात, ते मला पटत नाही. हेलसिंकी ऑलिम्पिक गाजवून नव्हे, पण खेळून आलेला हा कैरोचा जिम्नॅस्ट. भाऊ अली आणि फरीदा फहमी यांच्यासह १९५९ मध्ये त्यांनी नृत्यमंडळी उभी केली आणि गावचा नाच रंगमंचाच्या मापाने बेतला. त्यांच्या नर्तकांचे पाय जमिनीवर होते. नक्कल करणाऱ्यांनी नुसतं हसू उचललं.

यंदा कोल्हापूरची एक मुलगी शिकायला आलीय, मर्दानी खेळात वाढलेली. लाठीचं कडं तुटलं तर चारी बाजूंनी घाव येतो, हे तिच्या हाडात मुरलंय. तिला थांबवणं महाकठीण. ‘बाई, थांबायचं कुणासमोर? समोर तर कुणीच नाही,’ असं तिने विचारलं. मग मीच काठी घेऊन समोर उभी राहिले. तिने घाव आणला, माझ्या कपाळापाशी थोपवला. टोक हललं नाही.

मला आनंद झाला, असं लिहायला हवं. झाला मत्सर. पुढच्या कार्यक्रमात मधला एकल तिला दिलाय. पहिला प्रवेश माझाच आहे, आणि डाव्या हाताने गिरकी घ्यायचा सरावही गुपचूप सुरू केलाय. टाळ्या गिरकीलाच पडतात.