कोशाचे पुस्तक कोणत्या फळीवर?

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातले आंधळगाव म्हणजे कोशाच्या हातमागाचे जुने गाव. ऐन-अर्जुनाच्या झाडावर अळी पोसली जाते, कोश उतरतात, ते शिजवून धागा काढतात नि मग तो मागावर चढतो. झाडापासून साडीपर्यंत आपल्या तोंडी शब्द एकच : कोसा.

हाच कोसा मोठ्या ग्रंथालयात शोधू गेलात, तर त्याचे तीन तुकडे झालेले दिसतील! अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. त्यांच्या पद्धतीत शेती ६३० मध्ये, आणि रेशमाची अळी तिथेच, मधमाशीच्या शेजारी, ६३८ मध्ये. कापडधंदा ६७७ ला. हातविणकाम मात्र पार ७४६ ला, कलाकुसरीत. ज्याची चूल मागावर पेटते, त्याला ही ‘कला’ ऐकून हसूच येईल.

मद्रासच्या रंगनाथनांनी १९३३ मध्ये निराळी, कोलन पद्धत काढली. वस्तू कोणती, क्रिया कोणती, कुठली, केव्हाची, असे तुकडे जोडून ते क्रमांक बांधीत. तरी एक पुस्तक दोन फळ्यांवर कसे बसणार?

अळीच्या रोगाची माहिती हवी असलेला मुलगा नुसते ‘रेशीम’ म्हणाला, तर कापडाच्या कपाटापाशी जाऊन रिकाम्या हाताने परतेल. ड्युईंच्या ग्रंथाला शब्दांची सूची आहे. तीत एका शब्दाखाली त्याच्या निरनिराळ्या जागा दिलेल्या असतात. ग्रंथपालांना ती बघायला सांगावे, आणि ‘अळी’ हा शब्द आधी उच्चारावा.