बियाची मिरची

नागपूर, 11 मार्च 2023

गुवाहाटीला नोकरीत असलेल्या भाच्याने भूत जोलोकियाचं बी पाठवलं. रात्रभर पाण्यात भिजवून आज सकाळी कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात टोचलं. आपली नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत कोंब दाखवते, हिला तीन आठवडे लागतात, कधी महिनाही. पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली नाही तर बी तसंच पडून राहतं. थंड मुलखातले हौशी लोक त्यासाठी ट्रेखाली विजेवर तापणारी चटई ठेवतात. आमच्याकडे मार्चमध्ये गच्चीची फरशीच तापलेली असते. फक्त ओल जाऊ द्यायची नाही, म्हणून वर ओलं गोणपाट टाकलं.

14 मे

शेजारच्या वहिनींच्या ज्वाला मिरचीला फुलं भरपूर आणि मिरची एकही नाही. रोज सकाळी कुंडीभोवती फुलांचा सडा. त्यांनी दुकानातून टॉनिकची बाटली आणली आहे. ती फवारू नका म्हटलं. दिवसाचा पारा पस्तीसच्या वर गेला आणि रात्रही तापलेलीच राहिली की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. त्यावर बाटलीतलं औषध काय करणार? हिरवी जाळी बांधली, कुंडीत वाळल्या पाल्याचा जाड थर दिला, पाणी पहाटे. झाड जगवणं एवढंच मे महिन्याचं काम. फुलं पुन्हा येतात.

माझी जोलोकियाची रोपं टीचभर झाली आहेत. पानं रुंद, सुरकुतलेली, पोपटी.

25 जून

यंदा मृग कोरडा गेला, पाऊस आत्ता कुठे आला. त्याच्यामागून भिवापूरची आत्या आली. पदराच्या गाठीत भिवापुरी मिरचीचं बी, राखेत घोळलेलं.

या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण शेतात ती शोधावी लागते. संकरित वाण जास्त उतारा देतात, शेतकऱ्याने तिकडे वळू नये असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आत्याचा जन्म सातऱ्यावर गेला. सातरा म्हणजे लाल मिरचीचे ढीग घातलेलं ते मोठं आवार, जिथे बाया दिवसभर बसून मिरचीच्या मुक्या काढतात, म्हणजे देठ खुडतात. संध्याकाळी बोटं अशी पेटतात की लेकराला जवळ घेता येत नाही. तिखट मिरचीबद्दल कौतुकाने लिहिताना मला आत्याची ती बोटं दिसतात.

बी कसं निवडतेस म्हणून विचारलं. म्हणाली, "पहिल्या तोड्याचं नाई घ्यायचं वं. दुसऱ्या-तिसऱ्याचं घ्यायचं. अन् झाड पाहून घ्यायचं, निस्ती मिरची पाहून नाई." एकच मिरची मोठी निघाली म्हणून भुलायचं नाही. ज्या झाडावर रोग नाही, फांद्या भरलेल्या आहेत, सगळ्या मिरच्या सारख्या आहेत, त्या झाडाला आधीच दोरा बांधून ठेवायचा. कृषी विद्यापीठातला माणूस निवड पद्धत शिकवताना हेच सांगेल.

6 ऑगस्ट

भिवापुरीची रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं, मिरचीवर बोकड्या आलाय. चुरडा-मुरडा म्हणा की बोकड्या, सगळे त्याला एकच रोग समजतात आणि एकच औषध मारतात. आधी पान बघावं. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला तर कोळी. शेंडा गोळा होऊन झाड खुरटलं, पानं पिवळट झाली तर बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, आणि त्यावर औषधच नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं. काकूंची पानं वर वळलेली होती. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर केसाच्या तुकड्याएवढे किडे पळताना दिसले. निळा चिकट सापळा, पाच टक्के निंबोळी अर्क, फवारणी संध्याकाळी आणि पानाच्या खालच्या बाजूने. कोळी असते तर पाण्यात विरघळणारं गंधक सांगितलं असतं, तेही ऊन उतरल्यावर.

23 सप्टेंबर

रात्री दोननंतर जो पाऊस लागला तो आयुष्यात पाहिला नव्हता. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. ऐन गणपतीत माणसं पहिल्या मजल्यावर अडकली. आमचा भाग उंचावर म्हणून वाचला. दिवसभर खालच्या वस्तीत पोळ्या-भाजी पोचवत होतो. संध्याकाळी गच्चीवर गेले.

कुंड्या विटांवर उचललेल्या असल्याने पाणी निघून गेलं होतं. मिरचीच्या मुळांना साचलेलं पाणी एक दिवसही सोसत नाही, वर पानं कोमेजतात आणि माणूस तहान समजून आणखी पाणी घालतो. माती उकरून हवा दिली, खोडाशी ट्रायकोडर्मा टाकला.

ओल म्हटली की बुरशी आली. मिरचीचा तिखटपणा मुळात या बुरशीसाठीही आहे. बोलिव्हियाच्या रानमिरच्यांवर जोशुआ ट्युक्सबरी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. फळाला सोंड टोचणाऱ्या किड्यांमुळे फ्युजेरियम बुरशी आत शिरते आणि बी मारते. तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, तिला आवर घालतं. किड्यांचा उपद्रव जास्त, तिथे तिखट झाडं जास्त. झाडाने बी जपायला जे घडवलं, त्यावर आपण भाकरी खातो.

2 ऑक्टोबर

कळ्या धरल्या. आज दोरा बांधलेल्या भिवापुरीच्या फांद्यांवर मलमलच्या पिशव्या चढवल्या. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, पण मधमाशी मध्ये पडतेच. सगळे म्हणतात, जोलोकिया शेजारी आहे, भिवापुरी बाटेल. मला धास्ती वहिनींच्या ज्वालाची आहे. जोलोकिया ही कॅप्सिकम चायनेन्स, निराळी प्रजाती. तिचा संकर होऊ शकतो, पण सहज नाही. ज्वाला आणि भिवापुरी दोघी कॅप्सिकम ॲन्युअम, एकाच घरच्या. संकर झाला तरी यंदाची मिरची आईसारखीच दिसेल, फरक त्या बियांतून उगवलेल्या झाडावर कळेल. तोवर बी चार घरांत गेलेलं असतं.

रोज सकाळी फांदीला टिचकी मारायची. फळ धरलं की पिशवी काढायची आणि देठाला लाल दोरा.

18 ऑक्टोबर

पेपरात बातमी: पेपर एक्स ही जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली. सरासरी 26 लाख 93 हजार स्कोव्हिल. साऊथ कॅरोलिनाच्या एड करीने स्वतःच्याच कॅरोलिना रीपरचा विक्रम मोडला. 2007 मध्ये गिनेसने आपल्या भूत जोलोकियाला पहिला मान दिला तेव्हा आकडा दहा लाखांच्या जरा वर होता. विल्बर स्कोव्हिलने 1912 मध्ये ही मोजणी काढली ती साखरपाण्याची: अर्क इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्याला तिखट लागेनासं व्हावं. आता यंत्र मोजतं.

पेपर एक्सचं बी करीने बाजारात आणलेलं नाही. इतक्या वर्षांची मेहनत त्याची, हक्क त्याचा. पण जी मिरची कोणाच्या अंगणात लावता येत नाही, तिच्या आकड्याचं मी काय करू? पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची इथे आली आणि हातोहात पसरली म्हणून तर भिवापुरी, संकेश्वरी, ब्याडगी, गोव्याची खोला अशा गावोगावच्या मिरच्या झाल्या. आकड्याने त्यांच्यातलं काहीच कळत नाही. ब्याडगीला तर तिखटासाठी कोणी घेत नाही, रंगासाठी घेतात. चव, वास, रंग, टिकणं यांचा विक्रम कोणी मोजत नाही, आणि घराला लागतं तेच.

26 नोव्हेंबर

जोलोकिया पिकली, शेंदरी-लाल, खरबरीत. आसामात करतात तशी मोहरीच्या तेलात मुरत घातली. हातमोजे घालून चिरली. बी तिखट नसतं. बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं, तिथे सगळं तिखट तयार होतं आणि तिथून बियांना लागतं. त्यातला नखाएवढा तुकडा डाळीत टाकला. आधी फळासारखा गोड वास, मग जाळ. लोटाभर पाणी पिऊन तो विझत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावं, हाताला आधी तेल चोळावं.

बुलबुल मात्र पिकलेली भिवापुरी मजेत गिळतो. आपल्याला जिथे चटका कळतो तो TRPV1 नावाचा ग्राहक पक्ष्यांत कॅप्सेसिनला दाद देत नाही, आणि बी त्यांच्या पोटातून धड बाहेर पडतं. उंदीर दातांनी ते फोडतात, म्हणून झाड त्यांना दूर ठेवतं. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसला 2021 चं नोबेल मिळालं. बुलबुलाला मी हाकलत नाही. बियाच्या फांद्यांवर जाळी आहे, बाकीचं त्याचं.

15 जानेवारी 2024

लाल दोऱ्याच्या मिरच्या झाडावरच पूर्ण वाळू दिल्या. आज बी काढलं. सावलीत पसरलंय, उन्हात नाही. नंतर ओल्या फडक्यात दहा दाणे घालून उगवण बघेन. आठ तरी फुटायला हवेत.

आत्याला फोन केला. म्हणाली, "तिखट आहे न? मंग ठेचा करून पाह्य, पाट्यावर. मिक्सरात नको घालू वं." केला. लसूण, मीठ, जिरं, वरून कच्चं तेल. रंग उतरला नाही, वासही पुरता आहे.

4 फेब्रुवारी

हळदीकुंकू. वाण म्हणून डब्या न देता बियांच्या पुड्या दिल्या, प्रत्येकीवर लिहून: भिवापुरी, जून अखेरीस पेरा, शेजारी दुसरी मिरची असेल तर पिशवी बांधा. वहिनींनी विचारलं, मग ज्वाला काढून टाकू का? काढू नका म्हटलं, फक्त गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात न्या. काकूंनी दोन पुड्या मागितल्या, एक मुलीसाठी, ती चंद्रपूरला आहे. दिल्या. पुढच्या संक्रांतीला प्रत्येकीने आपल्या झाडाचं बी परत आणायचं ठरलं, म्हणजे एका गच्चीवर रोग आला तरी दुसरीकडे वाण शिल्लक राहील.

जोलोकिया गुडघ्याएवढी छाटली. मिरची आपल्या हवेत बहुवर्षायू आहे, मार्चात फुटेल.