सरीत पाणी, तरी ऊस तहानलेला



आज ओढ्याकडच्या वीस गुंठ्यांविषयी लिहितो. चूक माझी आहे, म्हणूनच लिहितो.

आमचं कृष्णाकाठचं काळं रान. दोन वर्षांपूर्वी त्या तुकड्यातला ऊस गुडघ्याएवढा होऊन थांबला. दुपारी पानं मिटायची, टोकं करपायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय. पाण्याची पाळी वाढवली, पिवळं दिसलं की युरिया टाकला. अण्णा म्हणाले, "सरीत चिखल हाय, तू पाणी पाजतोयस कुणाला?" ऐकलं नाही. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं मीठ फुटलं तेव्हा डोळे उघडले. ऊस निघाला नऊ टन. वरच्या पट्टीत तेवढ्याच रानात तीस.

मातीच्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला ते पाणी ओढणं जड जातं. पाणी असून पिकाला दुष्काळ. मग पान पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटतं. पण कार्बन डायऑक्साइड आत यायची वाटही तीच. ऊन आहे, पान हिरवं आहे, तरी साखर कमी तयार होते. हा पहिला मार.

दुसरा मार सावकाश बसतो. सोडियम, क्लोराइड पाण्याबरोबर चढून जुन्या पानांत साठतात. टोकं आणि कडा जळतात, पालाशचं काम अडतं, हरितद्रव्य मोडतं. तिथं युरिया टाकून काय होणार? जादा खतानं क्षारांत भरच पडते.

शेवटी माती तपासली. संपृक्त अर्काची ईसी 5.6, सामू 8.1, विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या आत. म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. दुकानातनं जिप्सम सांगितलं होतं, ते चोपण जमिनीचं औषध. आमचा खरा रोग निचऱ्याचा. ओढ्यापर्यंत चर काढला, पावसाच्या पाण्यानं क्षार धुऊ दिले, धैंचा गाडला, मगच लावण केली.

यंदा त्या उसाची पानं भर दुपारी उघडी असतात. टोकं अजून थोडी करपतात. रान पुरतं सुधारलं असं म्हणणार नाही.

एवढंच सांगतो: दुपारी पान मिटलेलं दिसलं तर मोटार चालू करायच्या आधी कुदळीनं हातभर खणून बघा. खाली चिखल असेल तर पाणी थांबवा आणि माती तपासायला द्या.

तुमच्याकडं चर किती खोल काढावा लागला, जरूर सांगा.