भूतकाळाचा पाठ

येरमाळ्याच्या टेकडीवर येडेश्वरीच्या देवळात दिवे लागले, की गावातल्या एका घरात घोकणे सुरू होई. "गेएन, गिंग, गेगांगन. एसन, आस, गेगेसन."

परिचारिकेचे शिक्षण पुरे करून त्या घरची थोरली नात जर्मन भाषा शिकत होती. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून तिला तिकडची ओढ लागली होती. ओसरीवरून आजोबा विचारीत, "कसले पाढे गं हे, पोरी?"

पाढेच ते! 'लेर्नेन' म्हणजे शिकणे. त्याचे 'लेर्नटे' केले, की झाला भूतकाळ. अशी क्रियापदे गुणी लेकरांसारखी. पण 'गेएन' म्हणजे जाणे, त्याचे एकदम 'गिंग' होई! या हट्टी क्रियापदांना 'सबळ' आणि गुणी क्रियापदांना 'दुर्बळ' अशी नावे याकोब ग्रिम या पंडिताने दिली. ज्या ग्रिम बंधूंच्या परीकथा तुम्ही वाचल्या असतील, त्यांतलाच हा थोरला.

एकदा नात वैतागून म्हणाली, "याला काही नियमच नाही!"

आजोबा हसले. "आपले तरी काय? बसतो, बसला. मग जातो, जाला का नाही?"

ती थबकली. जातो, गेला, येतो, आला, करतो, केला. ही रूपे तिने कधी घोकलीच नव्हती.

पुढे आणखी एक अडचण आली. 'त्याने खाल्ले आहे' म्हणताना जर्मन मनुष्य 'जवळ असणे' या अर्थाचे 'हाट' योजतो. 'तो गेला आहे' म्हणताना मात्र 'इस्ट', म्हणजे सरळ 'आहे'. तिला हे विचित्र वाटले. मग ध्यानात आले, की मराठीतही मुलगा गेला, परंतु मुलाने खाल्ले! शिवाय आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, ही ऐट जर्मन क्रियापदाला साधलेली नाही.

चैत्री पौर्णिमेची यात्रा जवळ आली असता आजोबा वारले.

महिन्याने परीक्षेसाठी तिने वही उघडली. पहिल्याच पानावर कुटुंबाची माहिती होती: 'माइन ग्रोसफाटर इस्ट बाउअर.' माझे आजोबा शेतकरी आहेत. 'इस्ट' खोडून 'वार', म्हणजे 'होते', एवढेच लिहावयाचे होते. ते रूप तिला केव्हाचे पाठ होते. तरी लेखणी हातात धरून ती बराच वेळ ओसरीकडे पाहत बसली.