दहाला बंद

आमच्या चिखलोलीला लोकल थांबत नाही. अंबरनाथ सोडलं की ती गावाला खेटून धडधडत निघते ती थेट बदलापूर गाठते, आणि आम्ही रिक्षाच्या रांगेत उभे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर चिखलोली स्टेशनही मंजूर झालं आहे. त्यामुळे ज्याला त्याला जमिनीचे भाव तोंडपाठ झालेत. पण मला सांगायचंय ते जुन्या गाडीबद्दल. आमच्या गावातला हळदीचा बेंजो किती वाजेपर्यंत वाजणार, हे त्या काळी नवरदेवाचा बाप ठरवत नसे. पहाटेची गाडी ठरवायची.

पाहुणे यायचे कर्जत, नेरळ, वांगणीहून, कुणी टिटवाळ्याकडून, कुणी मुरबाडच्या आतल्या गावातून. नवऱ्याला हळद लागून मटण-भाकरीच्या पंगती उठेपर्यंत मध्यरात्र झालेली असायची. एवढ्या अपरात्री जाणार कुठे? घरात बायका-मुलं आडवी व्हायची आणि पुरुष मंडळी मांडवात. अंथरुणं मोजकी, डास मोजता न येणारे. तेव्हा या लोकांना उजाडेपर्यंत जागं ठेवणं हे बेंजो पार्टीचं काम असे. मी 1988 ते 2005 अशी सतरा वर्षं ते काम केलं. दिवसा एमआयडीसीत हेल्पर, रात्री ट्रिपल कोंगो.

शहरातले लोक बेंजो म्हटलं की अमेरिकन बँजो समजतात. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आमचा बेंजो मुळात जपानी. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 1912 साली तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या चाळींत, कोळीवाड्यांत पिकअप लावून, अँपलीला जोडून बेंजो झालं. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजव्या हातात प्लॅस्टिकची पट्टी. सनईची मींड त्यात नाही, पेटीचा भरणा नाही, पण गर्दीतून कापत जाणारा असा दुसरा आवाज नाही. पार्टीचा बेंजो वाजवणाऱ्या आमच्या मास्तरांना नागोया कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. जपानी म्हटलं की उल्हासनगरचा जपानी बाजार, एवढंच आम्हा सगळ्यांचं भूगोलज्ञान.

उल्हासनगरशी मात्र आमचं नातं घट्ट होतं. पार्टीची चमकी लावलेली जाकिटं गजानन मार्केटच्या कापडातून शिवलेली. कॅसेटी तिथल्याच, अँपलीची दुरुस्तीही तिथेच. नव्या सिनेमाची कॅसेट आली की मास्तर ती दोन दिवसांत बोटांत उतरवत. 'तेजाब'ची गाणी त्या मोसमात आम्ही किती वेळा वाजवली असतील याचा हिशेब देवालाच माहीत. नोटेशन वगैरे प्रकार नव्हता. टेपरेकॉर्डरचं बटण मागे-पुढे करून गाणं पाठ करायचं. टेपने रीळ खाल्लं की पेन्सिल घालून गुंडाळायचं.

मोसम तुळशीच्या लग्नानंतर उघडायचा, पण खरी धावपळ एप्रिल-मेची. बयाणा देऊन सुपारी पक्की झाली की मास्तर कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करत. दुपारी चारला भाड्याचा टेम्पो यायचा. तळाला जनरेटर आणि स्पीकरचे खोके, त्यावर ढोल, त्यावर आम्ही, आणि बेंजो मास्तरांच्या मांडीवर तान्ह्या पोरासारखा. बारवीकडून मुरबाड, कधी शहापूर, कधी नेवाळीवरून पनवेलच्या अंगाला. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेच्या दिवसांत त्या बाजूला सुपारी असली तर आम्ही वाजवून झाल्यावर तमाशाच्या फडाचा उरलेला वग बघायला पळायचो. रात्रभर ढोल बडवून पुन्हा ढोलकी ऐकायला जाणारी माणसं ती. आता मुलांना सांगितलं तर वेड्यात काढतात.

नाइटचे मला सुरुवातीला साठ रुपये मिळत. वर फर्माईश. फर्माईशीची चिठ्ठी दहाच्या नोटेला टाचणी लावून यायची: 'वांगणीच्या मामांकडून भाच्यासाठी'. गाणं कुठलं ते कधी लिहिलेलं असे, कधी नसे. मामांना गाण्याशी देणंघेणं नव्हतं, माइकवरून नाव पुकारलं पाहिजे. एकदा एका मोठ्या घरच्या लग्नात चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या आल्या, आणि सकाळी ठरलेल्या पैशांतून त्याच नोटा वजा करून हातावर टेकवल्या. मास्तर काही बोलले नाहीत. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "गाव सोडून शिव्या द्या."

तेव्हा जातीच्या उतरंडीसारखी वाद्यांचीही उतरंड होती. अंबरनाथच्या कारखान्यांत, सरकारी वसाहतींत सत्यनारायणाच्या पूजेला ऑर्केस्ट्रा यायचा. सूट घातलेले गायक, निवेदक, डबल व्हॉईस काढणारा एक हमखास. पुण्याच्या मेलडी मेकर्सचं, प्रमिला दातारांच्या 'सुनहरी यादें'चं नाव घेतलं की लोक कान टवकारत. सुदेश भोसल्यांसारखा गायक अशा ऑर्केस्ट्रातूनच पुढे आला. आम्ही बेंजोवाले त्या मंचाच्या मागे उभे राहून त्यांचा ऑक्टोपॅड बघायचो. ऑर्केस्ट्रा बसून ऐकायचा, बेंजो उभ्याने नाचायचा, असा सरळ हिशेब. 2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला तेव्हा आमच्यातला एक ढोलवाला थेटरातून बाहेर येऊन म्हणाला, "आपल्याला एवढे चांगले कपडे कधी होते?"

पण मला आठवतं ते नाचणाऱ्यांसाठी वाजवलेलं नाही. दहा ते बारा कोळीगीतं, बारा ते दोन सिनेमा. तोवर सगळं ठरलेलं, सगळ्याच पार्ट्यांचं सारखं. दोननंतर प्यायलेले आडवे झालेले, पोरं थकलेली, आणि मांडवात उरलेली पंचवीस-तीस माणसं खांबाला टेकून बसलेली. त्यांना नाचायचं नसे. त्यांना नुसतं गाडीच्या वेळेपर्यंत बसायचं असे. आणि त्या वेळी मास्तर अँपलीचा आवाज अर्ध्यावर आणून स्वतःला आवडतं ते वाजवू लागत.

मुरबाडच्या पुढे एका गावात, थंडीचे दिवस. दव इतकं की ताशाचं पान ओल धरून भसभसू लागलेलं. ताशेवाला पेंढा पेटवून त्यावर ताशा शेकत बसला होता. दर दोन गाण्यांनी उठायचं, शेकायचं, बोटाने टकटक करून बघायचं, पुन्हा यायचं. मास्तर एक जुनं भजन वाजवत होते आणि मधेच तार तुटली. एरवी अशा वेळी आम्ही रिदम वाढवून वेळ मारून नेतो. त्या रात्री मास्तरांनी हातानेच थांबवलं. बॅटरी मी धरली. त्यांनी तुटकी तार सोडवली, खिशातल्या कागदाच्या पुडीतून नवी काढली, खुंटीला तीन वेढे दिले, कानाशी आणून ताणली. तार नवी असली की उतरते. पुन्हा ताणली, पुन्हा उतरली. पाच-सात मिनिटं गेली असतील. मांडवातलं एकही माणूस उठलं नाही, कुणी 'काय झालं' विचारलं नाही. पेंढ्याचा चरचर आवाज तेवढा. मग जिथे तुटलं होतं त्याच ओळीपासून मास्तरांनी पुढे वाजवलं, आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने ती ओळ हलकेच गायला सुरुवात केली. टाळ्या-बिळ्या काही नाहीत. सकाळी त्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "पोरा, जेवलास काय रं?" बस्स.

असं वाजवणं दहाच्या आत होत नाही. का होत नाही ते मला नीट मांडता येत नाही, पण होत नाही.

आता आमच्या वाटचं पापही सांगतो. आमच्या आधी लग्नात धवलारणी होत्या. आगऱ्यांच्या लग्नात मांडव, हळद, देवक, प्रत्येक विधीचा धवला असतो आणि तो गाणारी म्हातारी भटजीच्या बरोबरीची. माझी आजी धवलारीण होती. ती गायला बसली की आमच्यासारखा कुणी तरी तोंडावर माइकचं 'हॅलो हॅलो' करायचा. घरचे म्हणायचे, आजी, थोडं थांब, बेंजो थांबला की गा. बेंजो पहाटेपर्यंत थांबायचाच नाही. माझ्या स्वतःच्या हळदीत, 1995 साली, ती दोन धवले गाऊन उठली. मी तेव्हा मित्रांच्या खांद्यावर होतो. हे मला कळलं ते तिच्या दहाव्याला, बायका आपसात बोलत होत्या म्हणून.

2005 च्या जुलैने आमची पार्टी बसवली, तीही एका आठवड्यात. 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात निकाल दिला: रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे, वाद्यं बंद. नियम 2000 सालापासून होताच, पण कागदावर. आता पोलीस पाटलापासून चौकीपर्यंत सगळ्यांना तो पाठ झाला. आणि 26 जुलैला आभाळ फाटलं. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर, ते सगळ्या जगाला माहीत आहे. बदलापुरात उल्हास नदी घराघरांत शिरली ते आम्हाला. आमचं सामान पश्चिमेला नदीच्या बाजूला एका तळमजल्याच्या खोलीत असायचं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर ढोल छताजवळच्या फळीवर जाऊन बसलेले, स्पीकरच्या खोक्यांचा लगदा आणि बेंजोच्या कळांत चिखल. मास्तरांनी टूथब्रशने एकेक कळ धुतली. वाजला तो पुन्हा. पण नवी अँपली, नवे स्पीकर कशासाठी घ्यायचे? दहाला बंद करायला?

पुढची पोरं आमच्यापेक्षा हुशार निघाली. त्यांनी हळदच संध्याकाळी पाचला आणली. फायबरची पानं आली, शेकायची भानगड गेली. बेंजो, कॅसिओ, पॅड, एलईडीची भिंत, वर धूर सोडणारं यंत्र. आगरी-कोळी गाणी युट्यूबवर कोटींत बघितली जातात. हळदीत गाणारे संतोष चौधरी, म्हणजे आपले दादूस, 2021 मध्ये थेट 'बिग बॉस मराठी'च्या घरात जाऊन बसले. आमच्या काळी हळदीच्या गायकाचं नाव पत्रिकेवरसुद्धा छापत नसत. वाजवणारी मुलंही आमच्याहून तयार आहेत, हे मी मनापासून सांगतो. पुतण्याच्या पार्टीतला बेंजोवाला जे वेगात काढतो ते आमच्या मास्तरांना जमलं नसतं. फक्त पाच तास सगळं वेगातच असतं. आमचे पहिले चार तास त्यांनी घेतले, सुधारले, आणि तेवढ्यावरच त्यांची मैफल संपते. उरलेल्या रात्रीचं काय करायचं ते त्यांनी कधी ऐकलेलंच नाही.

पुतणी जानेवारी 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्लेला जाऊन आली. तिकिटासाठी मोबाइलवर रांग, रांगेत तिचा नंबर लाखांत. बदलापूरहून ठाणे, तिथून नेरुळ. गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणारा पट्टा प्रत्येकाच्या मनगटावर बांधला होता म्हणे, आणि जाताना तो परत द्यायचा. "काका, पन्नास हजार लोक एकदम लुकलुकत होते!" तिचे डोळे बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, तार तुटली तर काय करतात? ती म्हणाली, मागे दुसरी गिटार तयार असते. बरोबर आहे. उघड्या मैदानात कायदा त्यांनाही दहाचाच.

आणि कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. घरी आणलं त्याच आठवड्यात समोरच्या सोसायटीत हळद होती. डीजेच्या प्रत्येक ठोक्याला टाके हलत होते. बरोबर दहाला तो बंद झाला, तेव्हा मी उशीला डोकं टेकून आधी न्यायाधीशांना हात जोडले. मग हसू आलं. सतरा वर्षांत किती तान्ह्या पोरांची, किती आजाऱ्यांची झोप आम्ही उडवली असेल, एकानेही दगड मारला नाही.

मास्तर आता नाहीत. त्यांचा बेंजो माझ्याकडे आहे. येत्या मेमध्ये पुतण्याची हळद आहे, चिखलोलीत, आमच्याच अंगणात. त्याने मला कोंगोवर बसायला सांगितलंय, आणि मी त्याच्याकडून सुरुवातीचा अर्धा तास बायकांच्या धवल्यांसाठी मागून घेतलाय, माइक न लावता. यायचं असेल तर पाचला या. रिक्षा बदलापूरहूनच बरी पडते. साडेदहाला आलात तर मंडळी टेम्पोत सामान चढवताना दिसतील.